वळून उडी मारताना गुडघा दुखतो

प्रश्न : मी नागपूरजवळ बेसा येथे राहते. गच्चीवर बैठक मारून उडी घेते, हवेत १८० अंश वळते आणि पुन्हा बैठकीत उतरते. उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. काय चुकत असेल?

उत्तर : बहुधा वळण लवकर सुरू होतंय. पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले असतानाच अंग फिरलं, तर रबरी तळव्याचा बूट खरखरीत काँक्रीटला धरून राहतो आणि पीळ गुडघ्याला बसतो. आधी सरळ वर जोर लावा, आणि पाय जमिनीवरून सुटता सुटताच खांदे आणि कंबर एकत्र फिरवा. उतरताना चवडे आधी, टाचा नंतर. गुडघे पावलांच्या दिशेत राहू द्या, आत झुकू देऊ नका. उतरल्यावर दोन सेकंद तसंच थांबा. तोल जात असेल तर बहुधा वळण जास्त होतंय.

सध्या कळ पूर्ण थांबेपर्यंत उड्या बंद. नंतर ९० अंशांपासून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी, एका वेळी चार-पाचच. उतरताना ‘धप्प’ आवाज येऊ लागला की थांबा, पाय थकलेत. गच्चीपेक्षा मातीचं मैदान बरं. आखाड्यात पायाखाली माती असते ती उगाच नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात हे पहाटेच करा.

गुडघा सुजला, अडकला किंवा लचकल्यासारखा वाटला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.