चार चौकटींतला हरणारा नायक

प्रस्तावना

वर्तमानपत्र हाती आले की मथळ्यांआधी आतल्या पानावरील चित्रमालिका शोधणारे वाचक कमी नाहीत. तीन-चार चौकटी, दोन-तीन पात्रे, मोजके संवाद आणि शेवटी ओठांवर उमटणारे हसू, एवढाच तिचा संसार. १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'ने हा प्रकार मराठी घरांत रुजवला. प्रस्तुत पाठात 'पीनट्स' या अमेरिकन चित्रमालिकेचा परिचय करून दिला आहे. तिच्या विनोदामागे माणसाकडे पाहण्याची कोणती दृष्टी आहे, याकडे पाठ वाचताना लक्ष द्या.

पाठ

२ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतील सात वर्तमानपत्रांत एक नवी चित्रमालिका सुरू झाली. रस्त्याच्या कडेला एक मुलगा आणि एक मुलगी बसली आहेत. समोरून गोल डोक्याचा चार्ली ब्राऊन येताना दिसतो. मुलगा त्याचे कौतुक करू लागतो आणि तो पुढे निघून जाताच, हा आपल्याला मुळीच आवडत नाही, असे सांगून मोकळा होतो. नायकाचे असे स्वागत क्वचितच कोणत्या कथेत झाले असेल!

या मालिकेचे निर्माते चार्ल्स शुल्झ. चित्रे वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या संस्थेने मालिकेला 'पीनट्स', म्हणजे शेंगदाणे, हे नाव दिले. ते शुल्झ यांना अखेरपर्यंत रुचले नाही. चौकटी चार आणि सारख्या आकाराच्या होत्या, त्यामागेही व्यवहार होता. संपादकाला जागा असेल त्याप्रमाणे त्या आडव्या, उभ्या किंवा दोनावर दोन अशा छापता येत. मात्र या अडचणीच्या जागेतच शुल्झ यांची शैली घडली. पार्श्वभूमीला फारसे काही नाही, प्रौढ माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. उरतात ती मुले, आणि त्यांच्या तोंडी मोठ्यांची दुःखे.

चार्ली ब्राऊनचा चेंडूफळीचा संघ सतत हरतो. त्याचा पतंग झाडात अडकतो, आणि ते झाड पतंग चक्क खाऊन टाकते. वर्गातल्या लाल केसांच्या मुलीशी बोलण्याचे धैर्य त्याला होत नाही. शेजारची ल्यूसी फटकळ आहे. पाच सेंट घेऊन ती मानसिक त्रासावर सल्ला देते आणि सल्ला घेणाऱ्याला अधिकच खचवते. तिचा धाकटा भाऊ लायनस विद्वानासारखे बोलतो, पण हातातली चादर क्षणभरही सोडत नाही. श्रोडर खेळण्यातल्या पियानोवर बीथोवेन वाजवतो. आणि स्नूपी हा कुत्रा आपल्या घराच्या छपरावर बसून स्वतःला लढाऊ वैमानिक समजतो.

या मालिकेतला एक प्रसंग वर्षानुवर्षे, बहुधा दर शरद ऋतूत, परत येत असे. अमेरिकन फुटबॉलचा लांबट चेंडू ल्यूसी जमिनीवर उभा धरते आणि चार्ली ब्राऊनला धावत येऊन लाथ मारायला सांगते. ऐन वेळी ती चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो. पुढच्या वर्षी ती नवे कारण सांगते, आणि सारे ठाऊक असूनही तो पुन्हा धावतो. त्याचा हा भोळेपणा मूर्खपणा म्हणावा की विश्वास? शुल्झ यांनी उत्तर दिले नाही. पडणाऱ्याला हसताना वाचकाला आपलेही पडणे आठवावे, अशी चित्राची मांडणी मात्र त्यांनी केली. त्यांच्या विनोदातला ओलावा येथे आहे. हरणाऱ्याला त्यांनी सहज जिंकवले नाही, आणि त्याची टिंगलही केली नाही.

पराभवाची ही ओळख पुस्तकी नव्हती. शुल्झ यांचा जन्म १९२२ साली झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. चार्ली ब्राऊनच्या वडिलांचा व्यवसायही तोच. शाळेत शुल्झ काही विषयांत नापास झाले. शाळेच्या वार्षिकांकासाठी दिलेली त्यांची चित्रे छापली गेली नाहीत. चित्रकला ते पत्राद्वारे शिकले. शिक्षणसंस्था नदीपलीकडच्या मिनियापोलिस शहरात होती, तरी स्वतः जाऊन काम दाखवण्याचा त्यांना संकोच वाटे. सर्व धडे टपालाने जात-येत. शुल्क सुमारे १७० डॉलर होते. हप्ते भरताना वडिलांची ओढाताण होई, पण मुलाने काळजी करू नये, असे ते सांगत. मुलांची चित्रे काढण्याच्या धड्यात या विद्यार्थ्याला जेमतेम 'सी प्लस' श्रेणी मिळाली! पुढे त्याच संस्थेत ते शिक्षक झाले आणि 'चार्ली ब्राऊन' हे नाव तेथल्याच एका सहकाऱ्याचे घेतले.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच लॉस एंजेलिसमधील एका शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहून, मालिकेत एखादे कृष्णवर्णीय मूल असावे, असे सुचवले. आपण उपकाराची भूमिका घेतल्यासारखे दिसेल, ही शंका शुल्झ यांनी मोकळेपणाने कळवली. तिने आपल्या कृष्णवर्णीय परिचितांची मते त्यांच्याकडे पाठवली. ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन अवतरला. समुद्रावर वाहून गेलेला चेंडू तो चार्ली ब्राऊनला आणून देतो आणि दोघे मिळून वाळूचा किल्ला बांधतात. भाषण नाही, उपदेश नाही. पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एकाच शाळेत दिसल्यावर दक्षिणेकडील एका संपादकाने हरकत घेतली. शुल्झ यांनी त्याला उत्तरही दिले नाही. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल; त्या वर्षी ती तशी नव्हती.

जवळजवळ पन्नास वर्षे शुल्झ यांनी मदतनीस न घेता १७,८९७ चित्रमालिका काढल्या. १९८१ मधील हृदयशस्त्रक्रियेनंतर त्यांचा हात थरथरू लागला, तशी रेषाही किंचित कापरी झाली. तरी त्यांनी कुंचला दुसऱ्याच्या हाती दिला नाही. १९६९ साली चंद्राभोवती फिरून आलेल्या अपोलो १० मोहिमेतील दोन यानांना 'चार्ली ब्राऊन' आणि 'स्नूपी' ही नावे होती.

चेंडूचा तो प्रसंग ऑक्टोबर १९९९ मध्ये शेवटचा आला. ल्यूसीला जेवायला हाक येते. ती चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती देऊन घरात जाते. तो परतल्यावर ती विचारते, तू चेंडू काढून घेतलास की त्याने लाथ मारली? हे तुला कधीच कळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर तो देतो. वाचकालाही ते कळले नाही. पुढच्याच महिन्यात शुल्झ यांच्या कर्करोगाचे निदान झाले. १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री त्यांचे निधन झाले, आणि त्यांचे निरोपाचे चित्र दुसऱ्या दिवशी सकाळी रविवारच्या वर्तमानपत्रांत वाचकांच्या हाती पडले.

स्वाध्याय

१. चार्ली ब्राऊनचे पुन्हा पुन्हा धावणे तुम्हांला मूर्खपणा वाटते की विश्वास? पाठातील आधार देऊन लिहा.
२. फ्रँकलिनच्या आगमनाच्या प्रसंगात शुल्झ यांनी उपदेश का टाळला असावा?
३. तुमच्या भाषेतील वर्तमानपत्रातील एखादी चित्रमालिका आठवडाभर वाचा व तिच्यातील एका पात्राचे वर्णन आठ-दहा ओळींत करा.