चषक की साखळी? : इंग्लंडमधील स्त्रियांच्या हौशी फुटबॉलचा एक धडा

फुटबॉलच्या स्पर्धा मुख्यतः दोन पद्धतींनी भरविल्या जातात. पहिली बाद पद्धत. तीत हरलेला संघ त्याच दिवशी घरी जातो. चषकाचे सामने बहुधा असेच होतात. दुसरी साखळी पद्धत. तीत प्रत्येक संघ हंगामभर इतर सर्व संघांशी खेळतो व गुणांवरून विजेता ठरतो. खेळ रुजण्यास या दोहोंपैकी अधिक उपयोग कशाचा होतो? इंग्लंडमधील स्त्रियांच्या हौशी फुटबॉलचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया कामास लागल्या. ईशान्य इंग्लंडमधील अशा कामगार स्त्रियांच्या संघांसाठी १९१७-१८ मध्ये एक चषक-स्पर्धा सुरू झाली. 'म्युनिशनेट्स कप' या नावाने ती ओळखली जाते. अंतिम सामना ब्लिथ बंदरावर राबणाऱ्या मुलींचा 'ब्लिथ स्पार्टन्स' व 'बोल्को व्हॉन' कारखान्याचा संघ यांच्यात झाला आणि बरोबरीत सुटला. १८ मे १९१८ रोजी मिडल्सबरो येथे तो पुन्हा खेळविण्यात आला, तेव्हा सुमारे २२,००० प्रेक्षक जमले होते. ब्लिथने ५-० असा विजय मिळविला. त्यांपैकी तीन गोल बेला रे या खाणकामगाराच्या मुलीने केले.

पुढे युद्ध संपले, कामे गेली आणि मुलींबरोबर त्यांचे संघही पांगले. चषक होता, गर्दी होती. परंतु कारखाना सुटल्यावर संघाला धरून ठेवील अशी कायमची व्यवस्था नव्हती.

तरीही काही संघ टिकले. डिसेंबर १९२० मध्ये प्रेस्टनच्या 'डिक, कर लेडीज' संघाचा सामना पाहण्यास लिव्हरपूलमध्ये सुमारे ५३,००० लोक आले. मात्र वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सभासद क्लबांना स्त्रियांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. चेंडू कोणी हिसकावला नाही. पायाखालची जमीन तेवढी काढून घेतली! स्त्रियांनी स्वतःची संघटना स्थापून १९२२ मध्ये चषक-स्पर्धा भरविली व स्टोकच्या संघाने ती जिंकली. परंतु एका चषकावर संघटना तगली नाही. मनाई उठण्यास १९७० साल उजाडावे लागले.

आज तेथे व्यावसायिक संघांच्या खाली आठ विभागीय साखळ्या आहेत. नोकरी व शिक्षण सांभाळणाऱ्या मुली त्यांत बहुधा रविवारी खेळतात. साखळी जिंकणाऱ्यास वरची पायरी चढता येते. शिवाय चषकही असतात, पण चषकात हरलेल्या संघाला पुढच्या रविवारी साखळीचा सामना असतोच. वरच्या 'नॅशनल लीग'मध्ये तर चषकाच्या प्राथमिक फेरीत हरलेल्यांसाठी 'प्लेट' नावाची वेगळी स्पर्धा आहे. चषकाने नाव होते. संघ जगतो तो साखळीवर. कोल्हापूरच्या तालीम संघांचे साखळी सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे महाविद्यालयीन मुलींच्या वाट्याला बहुधा बाद सामनेच येतात. पहिलाच सामना हरलेल्या कबड्डी संघाचे वर्ष तासाभरात संपते. मग सराव कशासाठी करावयाचा? आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिली. आमच्यासारख्या कित्येक मुलींचे शिक्षणही बाद पद्धतीनेच चालते. एकदा नापास झाली की पुस्तके बंद आणि स्थळे सुरू. हरल्यानंतरही पुढचा सामना आहे, ही खात्री मुलींना फार थोड्या ठिकाणी मिळते.

निदान मैदानावर तरी ती देता येईल. शेजारच्या चार महाविद्यालयांतील मुलींचे संघ एकमेकींशी एकेकदा खेळले, तर सहा सामने होतात व प्रत्येक संघाला तीन मिळतात. त्यासाठी चषक लागत नाही. एक मैदान, एक पंच आणि सूचनाफलकावर लावलेले वेळापत्रक पुरते. आमच्या जिमखान्याने येत्या वर्षी याचा विचार करावा, ही विनंती.