नाव बदललं, तारीख कुठे आहे?

शेती औरादला आणि सोयरिक उदगीरला, घरात मराठी आणि कचेरीत कन्नड, अशा आपल्या सीमाभागातल्या माणसाला सरकारी नोंदींचा गोंधळ सगळ्यात जास्त छळतो. हा दोष आपण कारकुनाच्या माथी मारतो. अनुभवाने माझं मत वेगळं झालं आहे. बहुतेक वेळा प्रत्येक खातं आपापल्या जागी बरोबर असतं. घोळ होतो तो एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्यात जाताना. गुलबर्ग्याचंच घ्या. 1 नोव्हेंबर 2014 ला त्याचं अधिकृत नाव कलबुर्गी झालं. लोकसभा मतदारसंघ मात्र अजून गुलबर्गाच आहे, विद्यापीठही गुलबर्गा विद्यापीठच. मग सगळ्या याद्यांमधून जुनं नाव खोडून नवं घाला, असं सुचवलं जातं. तसं करू नये. 2001 च्या जनगणनेतल्या गुलबर्गा जिल्ह्यात यादगीर होतं, 2011 च्या जनगणनेत ते वेगळा जिल्हा आहे. दोन्ही आकडे ‘कलबुर्गी’खाली मांडले, तर जिल्ह्याची लोकसंख्या घटल्याचं दिसेल आणि त्यावर बेतलेला निधीही चुकेल.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की खात्यांनी नावावर नव्हे, संकेतांकावर एकमत करावं आणि प्रत्येक नावाशेजारी ते केव्हापासून केव्हापर्यंत लागू होतं ती तारीख लिहावी. पंचायत राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला असा क्रमांक आहे. तो तालुक्याच्या नावावर अवलंबून नाही, हेच त्याचं बळ. औरादमधून कमलनगर, बसवकल्याणमधून हुलसूर आणि हुमनाबादमधून चिटगुप्पा हे तालुके निघाले तेव्हा कित्येक गावांचा पत्ता बदलला, गावं हलली नाहीत. 1956 मध्ये उदगीर बिदर जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, ती उलथापालथ तर याहून मोठी. यावर कुणी म्हणेल, एकदाच शुद्ध नाव ठरवा आणि बाकीची रद्द करा. पण निजामाच्या काळातले दस्त उर्दूत, पहाणी कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत. यातलं खोटं काहीच नाही आणि जुना दस्त कुणी नव्याने लिहून देणार नाही. छापायला एक नाव ठरवा, बाकीची सगळी त्याच क्रमांकाखाली जपून ठेवा. औराद (बी) आणि निलंगा तालुक्यातलं औराद शहाजानी ही दोन वेगळी गावं आहेत, हे नुसत्या नावावरून यंत्राला कधीच कळणार नाही.

मोजमापाचं दुखणं याहून बारीक आहे, म्हणून जास्त घातक. आपल्याकडे क्षेत्र एकर-गुंठ्यात लिहितात: 2-20 म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, तेव्हा हे झालं अडीच एकर, सुमारे 1.01 हेक्टर. हाच आकडा कुणी 2.20 असा भरला आणि पुढच्या यंत्राने तो दशांश मानला, की उरतात 0.89 हेक्टर. बारा गुंठे गेले, आणि कुणी खोटं बोललेलं नाही. सीमेपलीकडच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, त्यामुळे दोन्हीकडे जमीन असलेल्या कुटुंबाची बेरीज हमखास चुकते. आकड्याशेजारी एकक लिहिणं खात्यांनी सक्तीचं करायला हवं.

आता आधार आहे, चौदा अंकी भू-आधार येतो आहे, मग वेगळे नियम कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. क्रमांकाने जोडणी सोपी होते, हे मला मान्य आहे. पण चुकीच्या सर्व्हे नंबरला जोडलेला क्रमांक ती चूक बँकेत, पीकविम्यात, अनुदानात, सगळीकडे नेतो. म्हणून जोडणी करणाऱ्या खात्यानेच चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी घ्यावी आणि ती कुठे, किती दिवसांत होईल ते नाडकचेरीच्या फलकावर कन्नड आणि मराठी दोन्हीत लावावं. तोवर अर्ज भरणाऱ्यांनी गावाच्या नावापुढे तालुका व जिल्हा, जुना असेल तर तोही लिहावा. सर्व्हे नंबराबरोबर हिस्सा नंबर द्यावा. ‘एकर’ आणि ‘गुंठे’ हे शब्द अक्षरात लिहावेत. आणि पोच घेताना संगणकात काय चढलं आहे त्याची छापील प्रत मागून, तिथेच उभं राहून वाचावी.