कार्ड गावचं, धान्य इथलं

प्रश्न : आमच्या सोसायटीशेजारी बांधकाम मजुरांची वस्ती आहे. त्यांची रेशनकार्डं नांदेड-परभणीची, त्यामुळे इथे धान्य मिळत नाही. आम्ही वर्गणी काढून धान्य वाटतो, पण हल्ली मदतीला कुणी येत नाही. काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ड नांदेडचं असलं तरी पुण्यात धान्य मिळतं. अन्नसुरक्षा कायद्याखालचं, आधार जोडलेलं कार्ड असेल, तर ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून ते घेता येतं. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरामागे ३५ किलो, २०२३पासून मोफत.

घोडं अडतं ते ‘नंतर या’पाशी आणि झिजलेल्या अंगठ्यापाशी. सिमेंट कालवणाऱ्या बोटांचा ठसा यंत्र पटकन घेत नाही. अशा वेळी सोबत कुणी असलं तर दुकानदारही दुसऱ्यांदा प्रयत्न करतो. तुमचे स्वयंसेवक तिथे हवेत. ‘जमेल तसं या’ म्हटलं की कुणीच फिरकत नाही. ‘शनिवारी दहा ते अकरा, एका कुटुंबासोबत’ असं नेमकं सांगा. निवृत्त मंडळींना आधी विचारा.

मात्र कुणाचं आधार किंवा ओटीपी मागू नका. वाटपाचे फोटो तर नकोतच. वर्गणीचं धान्य ज्यांच्याकडे कार्डच नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा.