बदकांच्या पिलांतील पायांचा अधूपणा : कारणे व उपाय

कुक्कुटपालनाच्या मानाने बदकपालन हा महाराष्ट्रात अगदी लहान व्यवसाय होय. पश्चिम बंगाल, आसाम अथवा केरळातील कुट्टनाड या प्रदेशांत भातखाचरांतून बदकांचे मोठमोठे कळप हिंडताना दिसतात. आपल्याकडे ते दृश्य विरळाच. तथापि कोकणातील खाचरांच्या कडेला आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या मुलखात बदके पाळणारी कुटुंबे आहेत. खाकी कॅम्पबेलसारखी जात चांगली निगा राखल्यास वर्षाकाठी तीनशेच्या आसपास अंडी देते, हे ऐकून एखादा बचत गटही या धंद्याकडे वळतो. पिल्ले आणली जातात, पहिला आठवडा उत्तम जातो आणि मग एके दिवशी काही पिल्ले बसल्या जागेवरून उठेनाशी होतात.

या पिलांचे डोळे बहुधा तेजस्वी असतात. भूक असते. खाद्याचे भांडे पुढे सरकवले तर ती बसूनच खातात. उभे राहिलीच तर पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. पायाच्या मध्यावर मागच्या बाजूला जो मोठा सांधा असतो, तो सुजल्यासारखा जाड होतो व पिल्लू त्या सांध्यावरच सरपटू लागते. धडधाकट भावंडे त्याला तुडवतात, पाण्यापर्यंत त्याला पोहोचता येत नाही आणि दोन-चार दिवसांत ते मरते. ‘पिलावरून वारे गेले’ असे म्हणून घरची माणसे ते सोडून देतात. वस्तुतः हा लकवा नव्हे. पुष्कळदा ही केवळ एका जीवनसत्त्वाची उणीव असते, आणि वेळीच ओळखली तर ती काही रुपयांत भरून निघते.

हे जीवनसत्त्व म्हणजे ‘ब’ गटातील नायासिन, अर्थात निकोटिनिक आम्ल. बदकाचे पिल्लू हे रुंद चोचीचे कोंबडीचे पिल्लू आहे, असे समजून आपण त्याला वाढवतो, हीच येथे अडचणीची गोष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत अंड्यांच्या जातीच्या कोंबडीच्या पिलाला किलोभर खाद्यामागे २७ मिलिग्रॅम, तर पेकिन बदकाच्या पिलाला ५५ मिलिग्रॅम नायासिन लागते, असे नमूद आहे. म्हणजे गरज जवळजवळ दुप्पट. याचे कारण शरीरातच आहे. बहुतेक प्राणी प्रथिनातील ट्रिप्टोफॅन या घटकापासून थोडेफार नायासिन स्वतः तयार करून घेतात. बदकाच्या यकृतात मात्र एक विकर असे प्रबळ असते की, ते ट्रिप्टोफॅनला दुसऱ्याच वाटेला लावते. त्यामुळे बदकाला नायासिन बव्हंशी खाद्यातूनच मिळावे लागते.

आता आपल्या खेड्यांतील खाद्याकडे पाहू. तांदळाची कणी स्वस्त असते, म्हणून तीच घातली जाते. तिच्यात नायासिन फारच थोडे. भाताच्या कोंड्यात व मक्यात ते कागदावर दिसते, पण धान्यातील नायासिन इतर द्रव्यांशी बांधलेले असल्याने त्यातील फार थोडे अंगी लागते. मोकळ्या खाचरात आईमागे हिंडणारे पिल्लू किडे, गोगलगायी, लहान मासळी खाऊन ही उणीव भरून काढते. म्हणूनच पिढ्यान् पिढ्या बदके पाळणाऱ्या माणसाला हा रोग क्वचितच भेटतो, आणि ब्रूडरखाली बंदिस्त पिल्ले वाढवणाऱ्या नवशिक्याला तो प्रथम भेटतो.

हा विषय केवळ पक्ष्यांपुरता नाही, हे शिक्षकबंधूंना सांगावेसे वाटते. माणसांतील पेलाग्रा हा रोग याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. १९३७ साली विस्कॉन्सिन येथे कॉनराड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांमधील ‘काळी जीभ’ हा तत्सम रोग बरा करून दाखवला. पुढे १९६० साली सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया या भारतीय संशोधकांनी दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब कुटुंबांतील पेलाग्र्याकडे जगाचे लक्ष वेधले. एकाच धान्यावर भिस्त ठेवण्याची किंमत माणसाला व पिलाला सारखीच मोजावी लागते.

उपचाराची पद्धत

पायावर न उठणारे पिल्लू प्रथम वेगळे काढावे. मात्र अगदी एकटे ठेवू नये, एखादे शांत भावंड सोबत द्यावे. खाद्य व पाणी त्याच्या चोचीच्या टप्प्यात ठेवावे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० ते ४० मिलिग्रॅम नायासिन मिसळावे. ५० मिलिग्रॅमची एक गोळी कुटून दीड लिटर पाण्यात विरघळवली तर हे प्रमाण साधते. गोळी साधी असावी, सावकाश विरघळणारी नसावी. हे पाणी रोज ताजे करावे, आणि दुसरे साधे पाणी शेजारी ठेवू नये. जोडीला सुके ब्रूअर्स यीस्ट मिळाल्यास किलोभर खाद्यात ५० ते ७० ग्रॅम मिसळावे. पशुवैद्यकाचा सल्ला घेऊनच औषध सुरू करणे केव्हाही श्रेयस्कर. पण दवाखाना दूर असेल, तर या उपायासाठी चार दिवस थांबू नये. दिवस येथे मोलाचे असतात. सांधा वाकून हाड तसेच घट्ट झाले, तर पुढे कितीही जीवनसत्त्व दिले तरी पाय सरळ होत नाही. वेळेवर उपचार झालेले पिल्लू बहुधा काही दिवसांतच उभे राहू लागते. त्यानंतरही आठ-दहा आठवड्यांचे होईपर्यंत कळपातील सर्वच पिलांना नायासिन चालू ठेवावे.

अशा पिलाला रोज काही मिनिटे कोमट, उथळ पाण्यात हाताच्या आधाराने तरंगू दिल्यास पायांवर भार न पडता त्यांना हालचाल मिळते. मात्र आईविना वाढणाऱ्या पिलाच्या पिसांना तेलाचा लेप नसतो, म्हणून त्याला लगेच पुसून उबेत ठेवावे.

प्रतिबंधासाठी सुकट किंवा माशांची कुटी ही उत्तम. किनाऱ्यावर ती सहज मिळते. भुईमुगाची पेंडही नायासिनने समृद्ध आहे. परंतु येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले, बदकाची पिल्लेही मेली. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, हाती लागले. बदकाचे पिल्लू या विषाला इतके हळवे असते की, विषाची परीक्षा घेण्यासाठी शास्त्रज्ञ एक दिवसाची पिल्लेच वापरीत. या विषबाधेतही पिल्ले लंगडतात, तोल जाऊन पडतात. तेव्हा पावसाळ्यात ओल लागलेली, कुबट वास येणारी किंवा गोळे झालेली पेंड ‘कोंबड्या खातात म्हणून’ बदकांना घालू नये. ती फेकणे महाग वाटते खरे, पण कळप गमावणे त्याहून महाग.

पायांचा प्रत्येक अधूपणा नायासिनच्याच खात्यावर मांडणेही योग्य नव्हे. एक-दोन दिवसांच्या पिलाचे पाय दोन्ही बाजूंना फाकले असतील, तर बहुधा वर्तमानपत्र अंथरलेली निसरडी जमीन हे कारण असते. पहिले काही दिवस गोणपाट अंथरावे, आणि फाकलेले पाय नेहमीच्या अंतरावर राहतील अशा बेताने मऊ चिंधीने दोन-चार दिवस सैल बांधावेत. चोच रबरासारखी वाकत असेल, तर मुडदूस समजावा. कोकणच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन न मिळालेल्या पिलांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव संभवते. त्यावर उपाय म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य देणे मात्र घातक, कारण जादा कॅल्शियम पिलांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

पिल्ले एकाएकी, एकामागून एक आडवी पडून पाय झाडत असतील, मान पाठीकडे वळवून तास-दोन तासांत मरत असतील, तर ते जीवनसत्त्वाचे काम नाही. विषाणूजन्य यकृतदाह हा रोग पहिल्या काही आठवड्यांच्या पिलांत याच रीतीने येतो. अशा वेळी गोळ्या कुटत बसण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे उघड झाला होता, हे ग्रामपंचायत सदस्यांच्या स्मरणात असेलच. म्हणून मोठ्या प्रमाणावर मरतूक झाल्यास मेलेले पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू देऊ नयेत, उरलेले पक्षी बाजारात नेऊ देऊ नयेत, आणि मृत पक्ष्यांना उघड्या हाताने कोणी शिवू नये. नमुने घेण्याचे व ते प्रयोगशाळेकडे पाठवण्याचे काम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांवरच सोपवावे. त्यांना मात्र खाद्य कोणते होते, ते कोठून व केव्हा आणले आणि पहिले पिल्लू कोणत्या दिवशी बसले, एवढे लिहून दिले तर निदानाला फार मदत होते.