वर्गात एकच मोबाईल : वाचन सुधारण्यासाठी रेकॉर्डिंगचा उपयोग



गेल्या वर्षी पालकसभेत एका वडिलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, आम्ही घरी पोरांच्या हातातून मोबाईल हिसकावून घेतो, आणि तुम्ही शाळेत तोच त्यांच्या हातात देता. मग आम्ही घरी काय सांगायचं?" प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, खरा होता. त्या दिवशी मी जमेल तसं उत्तर दिलं. पण घरी आल्यावर वाटलं, हे नीट लिहून काढायला हवं. कारण काही महिने आधी मी स्वतः जसा मोबाईल वापरत होते, तसा वापर असता तर त्या वडिलांचंच बरोबर ठरलं असतं.

आधी माझी चूक सांगते

माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकत्र बसतात, मिळून तेवीस मुलं. मोबाईल एकच, माझा. सुरुवातीला मी कवितांचे व्हिडिओ दाखवायचे. मुलं एकदम शांत बसायची, हातवारे करून म्हणायची. मला वाटायचं, किती छान शिकताहेत! एक दिवस तिसरीतल्या एका मुलाने अख्खी कविता न अडखळता म्हणून दाखवली. मी पुस्तक उघडून दिलं आणि म्हटलं, "आता बोट ठेवून वाच बरं." तोंडात तिसरं कडवं आलं तरी बोट पहिल्या कडव्यावरच होतं. मधलाच एक शब्द विचारला तर गप्प. त्याला कविता पाठ होती, वाचता येत नव्हतं. चाल, चित्र आणि हातवारे यांनी त्याचं न वाचता येणं इतकं झाकून टाकलं होतं की मला ते महिनोन् महिने दिसलंच नाही. मग बाकीच्यांचं तपासलं. असा तो एकटा नव्हता.

तेव्हापासून मी एक साधी कसोटी ठेवली. मोबाईल हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं, "या वेळात मूल काय करणार आहे?" उत्तर फक्त 'बघणार' असं आलं, तर तो तास मोबाईलशिवाय घ्यायचा. वाचणार, बोलणार, मोजणार, शोधणार असं काही असेल तरच मोबाईल काढायचा.

उपक्रम : माझं वाचन मीच ऐकतो

यासाठी वेगळं ॲप लागत नाही. बहुतेक फोनमध्ये व्हॉइस रेकॉर्डर असतोच. इंटरनेटही लागत नाही. मी असं करते :

१. मुलाने पाठ्यपुस्तकातला किंवा गोष्टीतला पाच-सहा ओळींचा उतारा निवडायचा. पाठ असलेली कविता चालणार नाही.

२. आधी जोडीदारासोबत दोन वेळा वाचून सराव करायचा.

३. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून व्हरांड्यात रेकॉर्डिंग करायचं. चौथीतलं एक मूल आठवडाभर 'रेकॉर्डिंग प्रमुख' असतं. बटण तेच दाबतं.

४. लगेच पुस्तकात बोट ठेवून स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं.

५. ऐकून झाल्यावर मुलाने स्वतः दोन गोष्टी सांगायच्या : काय चांगलं झालं आणि कोणता शब्द चुकला. मी आधी काहीच बोलत नाही. हेच मला सगळ्यात अवघड जातं!

६. हवं असेल तर पुन्हा एकदा रेकॉर्डिंग करायचं. फाईलला हजेरी क्रमांक आणि तारीख द्यायची.

रोज चार-पाच मुलं घेतली तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि आठवड्यात सगळ्यांची पाळी येते. तोपर्यंत बाकीचा वर्ग लेखन करतो किंवा गणितं सोडवतो. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग साधारण एक एमबीच्या आसपास बसतं, त्यामुळे जागेचीही फारशी अडचण येत नाही.

याने काय होतं?

वाचताना मुलाचं सगळं लक्ष अक्षर ओळखण्यात गुंतलेलं असतं. आपण काय वाचलं हे त्याच वेळी ऐकायला त्याच्याकडे उसंत नसते. म्हणून आपण चूक दाखवली की ते नुसतं मान हलवतं. पण वाचणं संपवून तेच ऐकायला बसलं की कान मोकळे असतात. "मॅडम, मी 'झाडाखाली' म्हटलं, इथे 'झाडावर' आहे!" हे मूल स्वतः सांगतं. मी दहा वेळा सांगून जे होत नाही ते एकदा स्वतः ऐकून होतं.

शिक्षकाला याचा फायदा आणखी मोठा आहे. तेवीस मुलांच्या गलक्यात आपल्याला फक्त 'वाचतो' किंवा 'वाचत नाही' एवढंच कळतं. रेकॉर्डिंग शांतपणे ऐकलं की चुकांचे प्रकार वेगळे दिसतात, आणि प्रत्येक प्रकाराचा उपाय वेगळा असतो :

- काही मुलं शब्दाची सुरुवात वाचतात आणि शेवट अंदाजाने म्हणतात. 'बसली' ऐवजी 'बसला', 'घरातून' ऐवजी 'घरात'. यांना अक्षरं येतात, पण प्रत्ययाकडे लक्ष नसतं. यांच्यासाठी एकाच शब्दाची घर, घरात, घरातून, घरापर्यंत अशी शब्दपट्टी उपयोगी पडते.

- काहींचा रफार आणि रकार यांत गोंधळ असतो. 'क्रम' आणि 'कर्म' एकसारखंच वाचतात. यांना अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून द्याव्यात आणि दोन्हींची वाक्यं करून घ्यावीत.

- काही अक्षर अक्षर जुळवत वाचतात, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. यांना अवघड उतारा देऊच नये. सोपा उतारा पुन्हा पुन्हा वाचू द्यावा.

- आणि काही चुका म्हणजे चुका नसतातच. आमच्याकडे बऱ्याच घरात अहिराणी बोलतात. 'आहे' लिहिलेलं असताना एखादं मूल 'शे' वाचून जातं. म्हणजे त्याने अर्थ समजून वाचलंय! तिथे लाल पेन काढण्याऐवजी मी म्हणते, "बरोबर, घरी आपण 'शे' म्हणतो, पुस्तकात काय लिहिलंय बघ."

निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलाने अनोळखी उतारा मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, समजून वाचावा असं लक्ष्य आहे. रेकॉर्डिंगमध्ये वेळ दिसते, त्यामुळे गती काढणं सोपं जातं. समजा ९० सेकंदांत ७२ शब्द बरोबर वाचले, तर मिनिटाला ४८. पण एक अनुभव सांगते, हा आकडा मुलांना सांगू नका. मी सांगितला होता. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं पूर्णविराम न पाळता आगगाडीसारखी सुटली. गती आपल्या वहीत ठेवायची, आणि मुलाला "गोष्टीत पुढे काय झालं?" एवढंच विचारायचं. लक्ष्यातला 'समजून' हा शब्द विसरून चालत नाही.

बाकी ॲप्सचं काय?

तीही मी वापरते, पण कसोटी वरचीच.

दीक्षा ॲप २०१७ पासून आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य मिळतं, आणि ते डाउनलोडही करून ठेवता येतं. मी व्हिडिओ सलग लावत नाही. मध्येच थांबवते आणि विचारते, "आता काय होईल?" मुलांनी वहीत अंदाज लिहिल्याशिवाय पुढचा भाग लागत नाही. क्यूआर कोडवरून आठवलं, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, त्यामागे पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचं त्यांचं काम होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ही गोष्ट झाली, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे.

स्टोरीवीव्हर हे प्रथम बुक्सचं व्यासपीठ. तिथे मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत आणि मोफत आहेत. पाठ्यपुस्तक पाठ झालेल्या मुलांसाठी अनोळखी उतारा हवा असतो, तो मी इथून घेते.

कॅमेऱ्याचाही छान उपयोग होतो. चौथीला कोन शिकवताना गटाने शाळेच्या आवारात फिरून काटकोन, लघुकोन आणि विशालकोन दिसतील तिथे फोटो काढायचे आणि वर्गात तो कोणता कोन ते पटवून द्यायचं. हापशाच्या दांड्यावरून दोन गटांत जोरदार भांडण झालं, कारण दांडा वर-खाली केला की कोन बदलतो. त्या भांडणात मुलं जेवढं शिकली तेवढं मी फळ्यावर शिकवू शकले नसते.

वाचन ऐकून शब्द बरोबर की चूक सांगणारी ॲप्सही मिळतात. सरावाला ती चांगली आहेत, पण गलक्यात आणि बोलीच्या उच्चारात यंत्राची फसगत होऊ शकते. 'चहा'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळा आहे, हे शेवटी आपल्यालाच शिकवायचंय.

काळजी कोणती घ्यायची?

आपला मोबाईल म्हणजे आपलं कार्यालयही असतं. एकदा मुलं गोष्ट वाचत असताना वर मेसेज झळकला, "माहिती आजच तातडीने भरावी." मुलांनी तोही मोठ्याने वाचला! तेव्हापासून फ्लाइट मोड पक्का.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. मुलांचे आवाज आणि फोटो ही त्यांची खाजगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. मी वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी संमती घेते. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं रेकॉर्डिंग कोणत्याही ग्रुपवर टाकायचं नाही, दुसऱ्या मुलांना ऐकवायचं नाही. वर्ष संपलं की पालकांना ऐकवून पुसून टाकायचं.

तिसरं म्हणजे मोबाईलवर करायचा गृहपाठ मी देत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं, घरात एकच फोन, तो वडिलांसोबत कामाला गेलेला, आणि मूल अभ्यासाबाहेर. ज्याच्या घरी फोन नाही ते मूल मागे पडेल असं काम शाळेने देऊच नये. मोबाईलचं काम शाळेतच करायचं आणि शाळेतच संपवायचं.

पालकांसाठी

तुमचं मोबाईल काढून घेणं चूक नाही. अगदी लहान मुलांसाठी तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, आणि कमी असेल तेवढं बरं. मोठ्या मुलांसाठी घरी फोन असेल तर एवढंच करा. रात्री जेवण झाल्यावर पाच मिनिटं मुलाला पुस्तक वाचायला सांगा, रेकॉर्ड करा आणि दोघांनी मिळून ऐका. चुका काढू नका, ते आपोआप काढतं. तुम्हाला वाचता येत नसेल तरी चालेल. आपलं ऐकायला कोणीतरी बसलंय, एवढंही मुलाला पुरतं.

त्या सभेत प्रश्न विचारणारे वडील म्हणजे कविता पाठ असलेल्या त्याच मुलाचे. सभा संपल्यावर मी त्यांना बाजूला बसवून दोन रेकॉर्डिंग ऐकवली. पहिलं जुलैमधलं : सहा ओळींना जवळपास तीन मिनिटं, आणि मध्ये लांब लांब शांतता. दुसरं डिसेंबरमधलं : उतारा नवा, तेवढाच मोठा, सव्वा मिनिट. जोडाक्षराला अजून अडतो, पण थांबतो, मागे जातो आणि पुन्हा वाचतो. वडील काही बोलले नाहीत. पहिलंच परत लावायला सांगितलं आणि ती शांतता पुन्हा ऐकली. मग म्हणाले, "एवढा अडत होता, आम्हाला कळलंच नाही."

मलाही कळलं नव्हतं. मोबाईलने मला तेवढं ऐकायला शिकवलं. तुम्ही हा उपक्रम करून पाहिलात तर तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.