समुद्राला न मिळणारी नदी

नकाशासंग्रहातील आफ्रिकेचे पान उघडा. खंडाच्या पूर्वेस शिंगासारखा समुद्रात घुसलेला जो भूभाग दिसतो, त्याच्या कडेने सोमालिया हा देश पसरलेला आहे. त्याच्या दक्षिण भागात दोन मोठ्या नद्या आहेत : जुब्बा आणि शबेले. जुब्बा किस्मायो बंदराजवळ हिंदी महासागरास मिळते. आता शबेलेच्या रेघेवरून बोट फिरवा. ही नदी समुद्रापासून सुमारे ३० कि.मी. अंतरापर्यंत येते आणि राजधानी मोगादिशूच्या जवळ एकाएकी नैऋत्येस वळते. मग किनाऱ्याला समांतर दूरवर वाहत जाऊन जुब्बेच्या अलीकडे पाणथळ जागेत नाहीशी होते. सोमाली भाषेत 'वेबी' म्हणजे नदी आणि 'शबेल' म्हणजे बिबट्या. बिबट्याचे नाव धारण करणारी ही नदी समुद्राच्या दारातून परत का फिरते?

पाऊस एकीकडे, पूर दुसरीकडे

शबेलेचा उगम इथिओपियातील ३,००० मीटरहून उंच पर्वतप्रदेशात होतो. नदीच्या पाण्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग तेथूनच येतो. सोमालियात मात्र पाऊस थोडा. एप्रिल ते जून हा 'गू' आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराचा 'देर' हे तेथील पावसाचे दोन ऋतू. जे नैऋत्य मोसमी वारे जूनमध्ये आपल्या कोकणात धो धो पाऊस पाडतात, तेच वारे सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतात आणि त्या देशाला बरेचसे कोरडे ठेवून पुढे जातात.

यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. सोमालियात फारसा पाऊस नसतानाही शबेलेला पूर येऊ शकतो. मे २०२३ मध्ये बेलेदवेन शहर पाण्याखाली गेले ते मुख्यतः इथिओपियाच्या डोंगरात कोसळलेल्या पावसाने. सुमारे दोन लाख लोकांना घरे सोडावी लागली.

पाणी जाते कोठे?

आपल्या गोदावरीला वाटेत उपनद्या मिळत जातात आणि तिचे पाणी वाढत जाते. शबेलेचे नेमके उलटे आहे. सोमालियात तिला बारमाही उपनदी एकही नाही; म्हणून ती जसजशी पुढे जाते तसतशी रोडावते. जमिनीचा उतार अगदी मंद असल्याने पुराचे पाणी काठाबाहेर पसरते. त्यातील काही कडक उन्हाने वाफ होऊन उडते, काही जमिनीत मुरते, तर काही पाटांनी शेतात जाते. शिवाय किनाऱ्यालगत वाळूच्या जुन्या टेकड्यांची रांग तटबंदीसारखी उभी आहे. फार मोठा पाऊस झाला तरच शबेलेचे पाणी जुब्बेपर्यंत आणि तिच्यामार्फत समुद्रापर्यंत पोहोचते.

नदी आपल्याबरोबर गाळही आणते. तो साचत गेल्याने खालच्या भागात तिचे पात्र भोवतालच्या जमिनीहून उंच झाले आहे. म्हणून काठाला भगदाड पाडले की पाणी आपोआप शेतात येते. पण काठ नको तेव्हा फुटला, तर तेच पाणी गावात शिरते.

काठावरची माणसे

सोमाली लोकांत उंट, गाई व शेळ्यामेंढ्या पाळून भटकणारे पशुपालक पुष्कळ आहेत. पावसाळ्यात नदीकाठच्या झाडीत जनावरांना रोग देणारी त्से-त्से माशी असते, म्हणून ते कळप दूर ठेवतात; कोरड्या 'जिलाल' ऋतूत पाण्यासाठी काठावर येतात. दोन्ही नद्यांच्या मधल्या प्रदेशात शेती व पशुपालन करणारे रहानवेन लोक राहतात. त्यांची 'माय' बोली इतर सोमालींना सहज समजत नाही.

प्रत्यक्ष काठावर बांतू वंशाचे शेतकरी मका आणि तीळ पिकवतात. त्यांतील अनेकांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात आजच्या टांझानिया, मोझांबिक व मलावी या भागांतून गुलाम म्हणून आणले होते. पळून सुटलेल्यांनी जुब्बेच्या जंगलात स्वतःची गावे वसवली. तेथे काही घरांत टांझानियातील झिगुला भाषा अजून बोलली जाते.

सतराव्या शतकापर्यंत या खोऱ्यावर अजुरान सुलतानांची सत्ता होती. पुढे अफगोयेच्या गेलेदी सुलतानांचा अंमल आला. इ. स. १९२० मध्ये इटलीच्या अब्रुझीच्या ड्यूकने आजच्या जोहर शहराजवळ ऊस आणि कापसाचे मळे सुरू केले. पाट काढले गेले, पण इटालियनांच्या मळ्यांवर राबवले गेले ते बहुधा काठावरचे हेच शेतकरी, आणि पुष्कळदा सक्तीने. १९६० मध्ये सोमालिया स्वतंत्र झाला.

सुपीक काठावर दुष्काळ

१९९१ मध्ये सोमालियातील शासन कोसळले. मग पाटांतला गाळ उपसणार कोण आणि फुटलेले बांध घालणार कोण? बंदूकधाऱ्यांनी काठच्या जमिनी बळकावल्या. २०१० व २०११ मध्ये लागोपाठ दोन पावसाळे हुकले, धान्याचे भाव भडकले, युद्धामुळे मदत अडली. जुलै २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दुष्काळ जाहीर केला. पहिल्या दोन प्रदेशांत एक होता खालच्या शबेलेचा, म्हणजे देशातील अत्यंत सुपीक भाग! या आपत्तीत अडीच लाखांवर माणसे दगावली. त्यांतील निम्मी पाच वर्षांखालची मुले होती. सर्वात जास्त झळ पोचली ती रहानवेन आणि बांतू लोकांना, म्हणजे शेतात राबणाऱ्यांनाच.

पाऊस हुकणे हे निसर्गाचे काम. परंतु पाट बुजणे, जमीन हिरावली जाणे आणि मदत न पोहोचणे ही माणसांची कामे आहेत. नकाशावरची निळी रेघ पाणी कोठे आहे एवढेच सांगते. ते कोणाच्या शेतात पोहोचते, हे सांगत नाही.

करून पाहा : ताटात कोरडी वाळू पसरून ताट एका बाजूने किंचित उचला आणि वरच्या कडेला पाण्याची बारीक धार सोडा. धार खालच्या कडेपर्यंत पोहोचते का? आता धार मोठी करा. नंतर राजस्थानच्या नकाशात लुनी नदी शोधा आणि तिचा शेवट कोठे होतो ते आपल्या वहीत लिहा.